मेजर कँडी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले नंदुरबार हे जुन्या काळी सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील गाव होते. अशा गावच्या एखाद्या व्यापाऱ्यास दोनशे वर्षांपूर्वी मोडी लिपीत पत्र आले, असे समजा. पत्रात एवढेच लिहिले आहे: माल पोहोचला. आता ही वार्ता आहे, की विचारणा आहे? मजकुराच्या मागेपुढे पाहून व्यापाऱ्याने ते ताडावयाचे. कारण प्रश्न दाखविणारी खूण त्या काळच्या मराठी लिखाणात नव्हती.

मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदावर आडवी रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. हात उचलावा लागू नये म्हणून अक्षरे वळवून एकमेकांस जोडलेली असत. शब्दाशब्दांत अंतर नसे; वाक्य कोठे संपले हेही दिसत नसे. पोथ्यांतून ओवी वा श्लोक संपला की उभा दंड देत. परंतु गद्य मजकुरास तेवढाही आधार नव्हता. सरावलेला वाचक अर्थ बरोबर लावी. अडचण होती ती नवशिक्याची. मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते गृहस्थ मराठी नव्हते. ते इंग्लंडातून आलेले एक लष्करी अधिकारी होते.

थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ साली झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. दोघेही तरुणपणीच ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. पेशवाई १८१८ साली बुडाली होती आणि खानदेशासह मराठी मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखाली आला होता. नव्या राज्यकर्त्यांना प्रजेची भाषा येत नव्हती आणि ती शिकण्यास पुरेशी साधनेही नव्हती. मोल्सवर्थ नावाच्या दुसऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याने मराठीचा मोठा कोश रचण्याचे काम हाती घेतले होते. कँडी बंधू त्यांचे साहाय्यक झाले. तलवार बाळगणारे हे तिघे पुढे अनेक वर्षे शब्द गोळा करीत बसले!

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. मराठी पंडित शब्द आणून देत आणि त्यांचे अर्थ सांगत. कोणता शब्द देशावर रूढ आहे, कोणता केवळ कोकणात चालतो, याची निवड होई. हा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. पुढे प्रकृती बिघडल्यामुळे मोल्सवर्थ काही काळ स्वदेशी गेले. इंग्रजी-मराठी कोशाचे अपुरे राहिलेले काम थॉमस कँडी यांनी पुरे केले, व तो १८४७ साली बाहेर पडला. मराठी-इंग्रजी कोशाची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. तीत सुमारे साठ हजार शब्द होते. आजही जुन्या शब्दाचा अर्थ अडला म्हणजे अभ्यासक हाच कोश उघडतात.

दरम्यान १८३७ साली कँडी यांची नेमणूक पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर झाली. ही पाठशाळा १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झाली होती, आणि पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज उभे राहिले. तेथे शास्त्रीपंडितांच्या सहवासात कँडी यांचे मराठी अधिक पक्के झाले. नवनीत हा कवितासंग्रह सिद्ध करणारे परशुरामपंत गोडबोले यांच्यासारखे विद्वान त्यांच्या कामात सहकारी होते. सरकारी शाळांसाठी मराठी पुस्तके तयार होऊ लागली, तेव्हा ती तपासण्याचे काम कँडी यांच्याकडे आले.

येथे त्यांना एक उणीव जाणवली. मराठीचे व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ सालीच प्रसिद्ध केले होते. नाम, सर्वनाम, क्रियापद यांचे नियम मुलांना सांगता येऊ लागले होते. परंतु शब्द व्याकरणाने शुद्ध असले, तरी वाचणाऱ्याने कोठे थांबावे हे कळत नसेल तर अर्थ निसटतो. पुढील वाक्य पाहावे: रामजी आला नाही म्हणून सखाराम गेला. नाही या शब्दापुढे स्वल्पविराम दिला, तर रामजी आलाच नाही आणि त्यामुळे सखाराम निघून गेला, असा अर्थ होतो. तोच आला या शब्दापुढे अर्धविराम दिला, तर रामजी आला, आणि सखाराम मात्र नकार देऊन गेला! एकही अक्षर बदलले नाही. तरी रामजी एकदा घरी राहिला आणि एकदा येऊन पोहोचला. बोलताना ही अडचण पडत नाही, कारण बोलणारा योग्य जागी थांबतो आणि आवाज चढवितो वा उतरवितो. लिहिणारा मात्र वाचणाऱ्याजवळ नसतो.

इंग्रजी लेखनात ही सोय होती. इंग्रज मुलाला लहानपणापासून प्रत्येक चिन्हाची जागा शिकविली जाई. पत्र असो वा हिशेबाची चिठ्ठी, ती चिन्हे तो सवयीने देई. हीच सोय मराठीस लाभावी म्हणून कँडी यांनी विरामचिन्हांची परिभाषा हे पुस्तक लिहिले. ते १८५० साली प्रसिद्ध झाले. कोणते चिन्ह कोठे द्यावे हे त्यात मराठी वाचकांसाठी समजावून दिले होते. पुस्तक लहान, पण त्याचा पल्ला मोठा होता. कारण ते लिहिणाऱ्याच्याच नजरेखालून शाळांची क्रमिक पुस्तके जात होती. छापील पुस्तकांबरोबर ही चिन्हे गावोगावच्या शाळांत पोहोचली. पूर्वी पोथी बहुधा कोणी जाणत्याने मोठ्याने वाचावयाची व इतरांनी ऐकावयाची, अशी रीत होती. आता मुलाला पुस्तक घेऊन एकट्याने बसता येऊ लागले. ज्या मुलाच्या घरची बोली अहिराणी वा भिल्ली, आणि पुस्तकाचे मराठी ज्याच्या कानांना नवे, त्याला तर या खुणांचा आधार विशेषच होता. जाणता कोठे थांबला असता, ते आता कागदच सांगत होता.

सर्वांनाच हे रुचले असे नाही. मराठी पंडितांनी लिहावे आणि परदेशी साहेबाने ते तपासून बदलावे, हे अनेकांना खटकणारे होते. आणि त्या खटकण्यात तथ्यही होते. कँडी यांच्या वळणाच्या मराठीत इंग्रजी वाक्यरचनेची छाया पडते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. भाषा शिकून येते, पण तिचा ठसका घरात वाढूनच येतो. तथापि ज्यांनी कँडीवळणाची मराठी नाकारली, त्या लेखकांनीही स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह मात्र ठेवून घेतले.

सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणूनही कँडी यांनी दीर्घकाळ काम केले. १८६० साली मंजूर झालेल्या फौजदारी कायद्याचे मराठी भाषांतर हे त्यांपैकी एक. कायद्यात एखादा विराम चुकीच्या जागी पडला, तर शिक्षेचा अर्थ पालटावयाचा. हे काम करताना शब्दाइतकेच चिन्हालाही जपावे लागले असेल.

१८७७ साली महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या क्रमिक पुस्तकांची जागा पुढे दुसऱ्या पुस्तकांनी घेतली. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडीचे शिक्षणही शाळांतून मागे पडले. जुना खानदेश दोन जिल्ह्यांत विभागला गेला, आणि १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. तेथील एखादा मुलगा आज मामाला पत्र लिहितो, माल पोहोचला असे विचारतो, आणि शेवटी एक वाकडी रेघ काढून तिच्याखाली टिंब देतो.