नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पाच रात्री

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या उंच भिंतीलगतच्या रस्त्यावरून रोज हजारो नाशिककर ये-जा करतात. आत कोण आहे, कोण होते, याचा विचार करण्याची सवड फारशी कुणाला नसते. मराठी घरांमध्ये सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक पुस्तक याच भिंतीआड जन्माला आले, हे मात्र नाशिकच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे. 9 फेब्रुवारी 1933 रोजी, गुरुवारी, पांडुरंग सदाशिव साने नावाच्या तेहतीस वर्षांच्या राजबंद्याने 'श्यामची आई' लिहावयास घेतले. दिवसा तुरुंगातील काम उरकायचे आणि रात्री व पहाटे लिहायचे, असा क्रम होता. सोमवारी, 13 फेब्रुवारीला लेखन संपले होते. अवघ्या पाच दिवसांत!

त्या वेळचा नाशिकचा तुरुंग ही एक विलक्षण जागा होती. सविनय कायदेभंगाच्या दुसऱ्या पर्वात पकडलेले देशभरातील तरुण येथे आणून ठेवले होते. जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही मंडळी 1932-33 च्या सुमारास याच तुरुंगात होती. मार्क्सवाद, रशियातील क्रांती, काँग्रेसची पुढील दिशा यांवर तेथे तासन्‌तास खल चाले. पुढे 1934 मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची बीजे येथेच रुजली. अशा भारलेल्या वातावरणात एक कैदी कोकणातील एका खेड्यातल्या आईविषयी, पत्रावळीविषयी, अळणी भाजीविषयी आणि विहिरीत पोहायला घाबरणाऱ्या एका मुलाविषयी लिहीत बसला होता. ते लेखन त्या धगधगत्या चर्चांहून गौण होते, असे आज कोण म्हणेल?

साने गुरुजी म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो अश्रू ढाळणारा, हळवा, कृश मास्तर. ही प्रतिमा खोटी नाही. पण ती अपुरी आहे, आणि तिने गुरुजींमधल्या लेखकावर थोडा अन्यायच केला आहे. रडवणारा लेखक मुलांना एकदा आवडेल, पुन:पुन्हा आवडणार नाही. 'श्यामची आई' घरोघरी टिकले त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते म्हणजे श्याम.

हा श्याम आदर्श बाळ मुळीच नाही. तो भित्रा आहे. पोहायला जावे लागू नये म्हणून माळ्यावर दडून बसतो आणि आई शिमटी घेऊन त्याला बाहेर काढते. तो हट्टी आहे. पत्रावळ लावता येत नाही म्हणून शिकण्याऐवजी रुसून बसतो. आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालायची, तर बायकांच्या घोळक्यात आपण कसे दिसू, या लाजेने त्याचा जीव कासावीस होतो. केस वाढवण्याचा त्याला शौक आहे. पुस्तकासाठी तो चक्क चोरी करतो. अंघोळ झाल्यावर तळपायांना माती लागू नये म्हणून आईला दगडावर पदर पसरायला लावण्याइतका तो लाडावलेला आहे. बारा वर्षांचा वाचक हे वाचताना प्रथम हसतो, कारण असा श्याम त्याच्या घरात असतोच. बहुतेक वेळा तो स्वत:च असतो. मग त्या हसण्यातून केव्हा गहिवर येतो, ते कळत नाही. लेखकाने स्वत:च्याच बालपणाची अशी थट्टा केली नसती, तर आईचा मोठेपणा उपदेशासारखा कोरडा वाटला असता.

अळणी भाजीचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भाजीत मीठ घालायचे राहून गेले आहे. वडील अवाक्षर न काढता ती खातात, मुलेही त्यांचे पाहून गप्प बसतात आणि आई जेवायला बसते तेव्हा तिला उलगडा होतो. घरगुती विनोदाचा हा अस्सल मासला आहे. एखाद्या विनोदी लेखकाने त्याची प्रहसनात्मक कथा केली असती. गुरुजींनी त्याच मिठाच्या खड्यातून एका दांपत्याचा परस्परांविषयीचा आदर दाखवला.

या सामग्रीचा उगम कोकणात होता. 24 डिसेंबर 1899 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातल्या पालगड येथे गुरुजींचा जन्म झाला. घराणे खोताचे; पण वडिलांच्या काळात वैभव ओसरून कर्जाचा बोजा झालेला. शिक्षणासाठी पांडुरंगाला दापोली, औंध, पुणे अशी वणवण करावी लागली. औंधला हाताने स्वयंपाक करून, कधी अर्धपोटी राहून तो शिकला. 1917 मध्ये आई यशोदाबाई गेल्या तेव्हा मुलगा जवळ नव्हता. ही हुरहूर त्यांच्या मनात पंधरा वर्षे साठत राहिली आणि नाशिकच्या कोठडीत पाच दिवसांत बाहेर पडली. पुस्तक इतक्या वेगाने कसे लिहून झाले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच आहे. ते मनात केव्हाच लिहून झाले होते.

परंतु नुसत्या दु:खातून बालसाहित्य निर्माण होत नाही. त्यासाठी मुलांचा सहवास लागतो, आणि तो गुरुजींना लाभला खानदेशात. तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झालेला हा तरुण अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आला खरा, पण तेथील शुष्क चर्चेत त्याचे मन रमेना. 1924 मध्ये तो अमळनेरच्याच शाळेत, पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, शिक्षक झाला. वसतिगृहाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. पर्यवेक्षकाने छडी घेऊन फिरावे, असा तो काळ. हे सर मात्र मुलांची अंथरुणे आवरून ठेवू लागले, कंदिलांच्या काचा पुसू लागले. ओशाळलेली मुले हळूहळू आपापली कामे स्वत: करू लागली.

याच वसतिगृहात गुरुजींनी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. हस्तलिखित वर्तमानपत्रच ते. मुलांनी सकाळी उठून वाचावे म्हणून एकटा शिक्षक ते लिहून काढी. देशातील घडामोडी, थोरांची चरित्रे, वसतिगृहातील बऱ्यावाईट गोष्टी असे सारे त्यात येई. रोजच्या रोज मजकूर देण्याची तगमग काय असते, हे वृत्तपत्रात काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आणि येथे संपादक, बातमीदार, खिळे जुळवणारा असे सबकुछ एकच गृहस्थ! वाचक मोजके, पण रोज डोळ्यांसमोर. कोणत्या ओळीला मुले खुदकन हसली आणि कोणत्या ओळीला गंभीर झाली, हे लेखकाला तेथल्या तेथे कळत होते. गुरुजींच्या गद्याला जो बोलता सूर आहे, छोटी छोटी वाक्ये आहेत, मध्येच श्रोत्याला हाक मारण्याची लकब आहे, तिचे मूळ या वसतिगृहात आहे. 'श्यामची आई'मधील प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे, तेही त्यामुळेच. आश्रमात प्रार्थनेनंतर मित्र जमतात आणि श्याम रोज एक आठवण सांगतो. छापील पुस्तकात अशा बेचाळीस रात्री आहेत.

1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी गुरुजींनी शाळा सोडली. सहा वर्षांचीच नोकरी. पण 'गुरुजी' हे बिरुद जन्मभर चिकटले. त्यानंतरचा त्यांचा मुक्काम धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा तुरुंगांत. त्रिचनापल्लीत दक्षिणेतील राजबंद्यांच्या संगतीत ते तमिळ शिकले. तिरुवल्लुवरांच्या 'कुरल'चा मराठी अनुवाद ही त्या ओळखीची देणगी. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्यापर्यंत पोहोचली. दुसऱ्याचे बोलणे इतक्या निष्ठेने टिपणारा माणूस पुढच्याच वर्षी नाशिकला स्वत:चे बोलणे लिहावयास बसला.

मराठीत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा तेव्हा नवी नव्हती. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' 1881 पासून आणि वा. गो. आपट्यांचे 'आनंद' 1906 पासून घरोघरी जात होते. गुरुजींनी या परंपरेत आपुलकीचा वेगळाच सूर आणला. त्यांच्या 'गोड गोष्टी' या मालेत जगातील नामवंत कलाकृती सोप्या मराठीत आल्या. जॉर्ज इलियटच्या 'सायलस मार्नर'चा त्यांनी 'मनूबाबा' केला, तो इतका मराठमोळा की मूळ कथा इंग्लंडातली आहे हे वाचकाच्या लक्षातही येऊ नये. समीक्षकांनी या लेखनाला भाबडे, भावविवश म्हणून नाके मुरडली. त्यात तथ्य नाही असे नाही. काही पुस्तकांत अश्रूंचा अतिरेक आहे आणि आजच्या मुलाला ती पाने उलटावीशी वाटतील. पण आपण कोणासाठी लिहितो, याविषयी हा लेखक कधीही संभ्रमात नव्हता.

मुलांमध्ये रमणारा हा माणूस वेळ आली की किती कठोर होत असे, ते पंढरपूरने पाहिले. विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी 1 मे 1947 पासून प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि दहा दिवसांनी मंदिराचे दार उघडले. देशातील प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही 'आंतरभारती'ची कल्पनाही त्यांचीच. 15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. देशाच्या राजकारणाला वाहिलेल्या या पत्रात पुतणी सुधाला लिहिलेली त्यांची पत्रेही येत. झाडे, पक्षी, समुद्र, पुस्तके, माणसे अशा साऱ्यांविषयी एका मुलीशी केलेल्या या गप्पा पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूप झाल्या. गांधीजींच्या हत्येने मन खचत चालले होते, तरी मुलीशी बोलताना लेखणी प्रसन्नच राही. 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वत:हून आपली जीवनयात्रा संपवली. वय अवघे पन्नास.

'श्यामची आई' पडद्यावर आणले ते आचार्य अत्रे यांनी, 1953 मध्ये. महाराष्ट्राला पोट धरून हसायला लावणाऱ्या लेखकाने या पुस्तकाची निवड करावी, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. अत्र्यांना मात्र श्याममधला व्रात्य मुलगा बरोबर दिसला होता. शाळेतल्या छडीवरचे त्यांनी लिहिलेले मिश्कील गाणे आजही स्नेहसंमेलनांत दणक्यात होते. या चित्रपटाला 1954 मध्ये, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. सत्तर वर्षांनी, 2023 मध्ये, सुजय डहाके यांनी हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली आणि त्या चित्रपटालाही मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

2010 अखेर गुरुजींच्या साहित्यावरील स्वामित्वहक्काची मुदत संपली. तेव्हापासून कुणीही प्रकाशक 'श्यामची आई' छापू शकतो आणि अनेक जण छापतात. प्रदर्शनांत रंगीत मुखपृष्ठांच्या नवनव्या आवृत्त्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. बहुतेक मुखपृष्ठांवर पदर सावरणारी आई असते. माळ्यावर दडून बसलेला श्याम मात्र अजून कुठल्या चित्रकाराने मुखपृष्ठावर आणल्याचे निदान आमच्या तरी पाहण्यात नाही.