विश्लेषण : पंढरीची वाट, मामाची मुलगी आणि महाराष्ट्र… मराठी समाजाची ओळख इरावती कर्वे यांनी कशी मांडली?

मराठी कोणाला म्हणायचे, हा वाद निवडणुकांच्या तोंडावर हमखास डोके वर काढतो. चर्चा भाषेपाशी सुरू होते आणि आडनावापाशी किंवा जन्मस्थळापाशी येऊन थांबते. हाच प्रश्न महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या नऊ वर्षे आधी, १९५१ मध्ये, ‘मराठी लोकांची संस्कृती’ या पुस्तकात एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हाताळला होता. त्या म्हणजे इरावती कर्वे. बहुतेक वाचकांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत, पण त्यांचे निम्मे आयुष्य माणसे मोजण्यात, गावे पालथी घालण्यात आणि नातेसंबंधांचे तक्ते मांडण्यात गेले.

ब्रह्मदेश ते बर्लिन

इरावतींचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश करमरकर नोकरीनिमित्त तिथे होते आणि मुलीचे नाव तिथल्या नदीवरून ठेवले गेले. सातव्या वर्षी त्या पुण्यात हुजूरपागेत शिकायला आल्या आणि पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केला. दरम्यान दिनकर कर्वे यांच्याशी विवाह झाला आणि त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सूनबाई झाल्या. सुनेने पीएच.डी.साठी जर्मनीला जाऊ नये, असे महर्षींचे मत होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा हा विरोध आजही कोड्यात टाकतो. दिनकररावांनी मात्र पाठिंबा दिला आणि १९२८ मध्ये इरावती बर्लिनला गेल्या.

तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशविषयक धोरणाला ज्यांच्या संशोधनाचा आधार मिळाला, तेच हे फिशर. युरोपीय माणूस अधिक तर्कशुद्ध असतो आणि म्हणून त्याच्या कवटीची डावी-उजवी बाजू अधिक असमान असते, अशी धारणा तपासण्याचे काम त्यांनी या भारतीय विद्यार्थिनीला दिले. इरावतींनी १४९ कवट्या मोजल्या. कवटीतली असमानता आणि वंश यांचा संबंध त्यांना आढळला नाही आणि गुरूला काय हवे आहे हे माहीत असूनही त्यांनी तसेच लिहिले. परक्या देशात, पंचविशीही न गाठलेल्या विद्यार्थिनीने हे केले, हे विसरता कामा नये.

नात्यांवरून प्रदेश कसा ओळखायचा?

पुण्यात परतल्यावर काही वर्षे महिला विद्यापीठाचे प्रशासकीय काम करून १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. ‘भारतातील नातेसंबंध’ या विषयावरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये आला. त्यात त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे पाडले. त्यासाठी कसोटी लावली ती भाषा आणि नात्यांच्या रचनेची.

उत्तरेत मुलगी शक्यतो परक्या गावात, रक्ताचे नाते नसलेल्या घरात दिली जाते. सासर आणि माहेर ही तिथे दोन वेगळी जगे असतात. त्यातूनच घुंगट येतो, माहेरच्या आठवणींची गाणी येतात. दक्षिणेत मामाने भाचीशी लग्न करण्याचीही रीत अनेक जातींत आहे. तिथे सासू ही कित्येकदा आधीचीच आत्या किंवा आजी असते, त्यामुळे नवरीला घर नवे वाटत नाही.

महाराष्ट्र यात कुठे बसतो? मराठी भाषा उत्तरेच्या कुळातली. पण अनेक मराठी जातींत मामाची मुलगी चालते, नव्हे पसंत केली जाते. आत्याच्या मुलीबाबत मात्र हात आखडतो आणि भाचीशी लग्न सर्वसाधारणपणे रुचत नाही. म्हणजे बोली एकीकडची आणि सोयरीक अर्धी दुसरीकडची. महाराष्ट्र हा उत्तर-दक्षिणेचा सांधा आहे, हे वाक्य भाषणात सगळेच वापरतात. इरावतींनी ते लग्नाच्या याद्यांतून दाखवले. शुद्ध मराठीपणाची कल्पना यात टिकत नाही, हे वेगळे सांगायला नको.

जात आणि वारी

घुर्ये यांच्याशी त्यांचा मतभेद झाला तो जातीवरून. एकाच समाजाचे तुकडे होत जाती बनल्या, ही मांडणी त्यांना पटली नाही. मुळात वेगवेगळे असलेले गट शेजारी राहू लागले आणि एका व्यवस्थेत गोवले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी महाराष्ट्रातल्या कुंभारांचे वेगवेगळे गट अभ्यासले, लोकांची शारीरिक मोजमापे घेतली. धंद्याचे नाव एक, पण गट निराळे.

मग या वेगळ्या गटांना मराठी म्हणून बांधणारे काय? इरावतींच्या मते, ज्या भूमीतले लोक पंढरपूरला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र. महार समाज जिथवर पसरला आहे तिथवर महाराष्ट्र, अशी दुसरी खूणही त्यांनी नोंदवली. राजवंश किंवा किल्ल्यांपेक्षा पायी चालणारे लोक आणि गावकुसाबाहेरचा समाज त्यांना सीमारेषा आखायला अधिक भरवशाचे वाटले.

त्या स्वतः आळंदीहून दिंडीबरोबर चालल्या. ‘वाटचाल’ या लेखात तो प्रवास आहे. एकच अभंग गाणाऱ्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंगती मात्र वेगळ्या होत्या, हे त्यांनी झाकले नाही. त्या विभागणीने त्या अस्वस्थ झाल्या.

टीका कोणती?

मोजमापांवर त्यांनी टाकलेला भर पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांना जुन्या वंशशास्त्राचा अवशेष वाटला. समाजाची वीण दाखवताना त्यातली सत्ता आणि शोषण मागे पडते, हाही आक्षेप आहे आणि तो गैरलागू नाही. पण त्या केवळ ग्रंथालयात बसल्या नव्हत्या. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. १९६९ मध्ये आलेल्या त्या अहवालात पुनर्वसनातल्या त्रुटी मांडल्या आहेत.

कुंकू-मंगळसूत्र न वापरणाऱ्या, पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या इरावतींना १९६८ मध्ये ‘युगान्त’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी राज्याच्या गॅझेटिअर मालिकेत महाराष्ट्राची भूमी आणि लोक यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. ‘महाराष्ट्र : एक अभ्यास’ हे मराठी पुस्तक वाचकांच्या हाती आले ते त्यानंतर, १९७१ मध्ये.