श्री हैबतबाबा आरफळकर : नेमाने राखलेले वैराग्य

आम्ही पाठशाळेत होतो तेव्हा गुरुजी क्षणिक वैराग्याचे तीन प्रकार सांगत. पुराण ऐकताना येते ते पुराणवैराग्य, प्रेताला अग्नी देताना येते ते स्मशानवैराग्य आणि कळा सोसताना बाळंतिणीला येते ते प्रसूतिवैराग्य. पोथी बासनात बांधली की पहिले ओसरते, नदीवर स्नान करून घरी येईपर्यंत दुसरे, आणि पोर मांडीवर आले की तिसरे. आम्ही कीर्तनकार मंडळी यात चौथ्याची भर घालतो, ते वारीवैराग्य! पंढरीच्या वाळवंटात माणूस मनाशी ठरवतो की आता घरी गेल्यावर रोज हरिपाठ म्हणायचा, भावाशी बांधावरून चाललेला तंटा मिटवायचा, तंबाखूची चंची चंद्रभागेत सोडायची. निश्चय खोटा नसतो, बरं का. डोळ्यांतले पाणीही खरेच असते. पण पोळा येईतो टाळ खुंटीला लागलेले असतात आणि तंटा पुन्हा बांधावर उभा राहिलेला असतो.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हाला आहे, कारण या चौथ्या वैराग्याचे आम्ही जुने गिऱ्हाईक आहोत. २०१६ साली आम्हाला छातीचे मोठे दुखणे आले. खाटेवर पडल्या पडल्या आम्ही माउलींना शब्द दिला की यातून उठलो तर बिदागीवरून कोणाशी घासाघीस करणार नाही आणि भर कीर्तनात मृदंग्यावर डोळे वटारणार नाही. उठलो. चार-पाच महिने आमच्यासारखे गोड माणूस पंचक्रोशीत नव्हते, असे घरचे लोक सांगतात. पुढे एका गावी ठरल्यापेक्षा बिदागी कमी निघाली आणि आम्ही यजमानाला असे काही बोललो की त्या घरी पुन्हा जायला तोंड राहिले नाही. त्या रात्री परतीच्या गाडीत हैबतबाबांचे चरित्र मनात आले. कीर्तनातून ते आम्ही कैक वेळा सांगितले होते. पण सांगणे निराळे आणि आपल्याला लागू होणे निराळे.

बाबांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले आरफळ. आडनाव पवार. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी ते सरदारकीवर होते. छावण्या, कूच, मुक्काम, पागा, हे त्यांचे रोजचे जग. पुष्कळ वर्षे चाकरी करून मिळवलेले द्रव्य बरोबर घेऊन ते आपल्या गावाकडे निघाले, तेव्हा सातपुड्याच्या रानात वाटमाऱ्यांच्या टोळीने त्यांना गाठले. लूट झाली ती झालीच, वर त्यांना एका गुहेत कोंडून तोंडावर मोठी शिळा लावली. परंपरा सांगते की एकवीस दिवस बाबा त्या अंधारात होते आणि त्यांच्या मुखी ज्ञानेश्वर माउलींचा हरिपाठ अखंड चालू होता. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. आनंदाच्या भरात शिळा बाजूला सारून पाहतात तो आत देह सुकून काठी झालेला, पण ओठ हलताहेत! नायक वरमला. त्याने बाबांना सन्मानाने सोडून दिले.

कीर्तनात ही कथा आली की श्रोते टाळ्यांचा गजर करतात आणि आम्हीही तिथेच आवाज चढवतो. पण खरे पाहता इथे दोन गोष्टी आमच्या नजरेतून निसटत होत्या.

पहिली अशी की गुहेत पोथी नव्हती आणि दिवाही नव्हता. म्हणजे हरिपाठ बाबांना मुखोद्गत होता. छावणीच्या धामधुमीत, घोड्यांच्या टापांत, वर्षानुवर्षे तो रोज म्हटला गेला असला पाहिजे; त्याशिवाय अन्नपाण्याची भ्रांत असताना तो जिभेवर येत नाही. संकटात नवे काही सुचत नसते, आधी जे मुरले असेल तेच वर येते. आम्हाला खाटेवर सुचला तो शब्द. शब्द दिला, पण त्याच्या खाली काही मुरलेले नव्हते.

दुसरी गोष्ट पुढची. सुटका झाल्यावर बाबांना आरफळास जाता आले असते. घरदार होते, मान होता, आणि गुहेची हकिकत ओसरीवर बसून सांगायला उरलेला जन्म पुरला असता. (आम्ही आमच्या दुखण्याची हकिकत अशी किती जणांना सांगितली असेल!) बाबा तसे न करता आळंदीस आले आणि माउलींच्या समाधीपाशीच राहिले. तिथे त्यांनी आपल्या भावाला वेळापत्रक लावून दिले. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचा जागर. भाव दाटून आला म्हणून भजन करायचे, असा त्यांचा हिशेब नव्हता. वेळ झाली म्हणून वीणा गळ्यात घालायची. भाव आला तर उत्तमच, नाही आला तरी वीणा गळ्यातच. कार्तिकी यात्रेत समाधिमंदिरात आजही बाबांच्या वतीने हरिजागर होतो आणि मंदिराच्या आवारात त्यांची ओवरी आहे.

योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यास दृढ कशाने होतो ते सांगितले आहे. तो दीर्घकाळ हवा, मध्ये खंड नको, आणि आदराने केलेला हवा. पाठशाळेत आम्ही हे सूत्र घोकले, परीक्षेत लिहिले, मार्कही मिळवले. यातली मधली अट, खंड नको ही, सर्वांत अवघड. आणि तिला एकट्याच्या बळावर निभावणे जवळजवळ अशक्य. बाबांना हे कळले होते असे आम्हास वाटते, कारण त्यांनी पुढे जे केले ते सगळे या एकाच अटीसाठी केल्यासारखे दिसते.

आळंदीहून पंढरीची वारी त्यांच्या आधीही होती. इ. स. १६८५ च्या सुमारास तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखीत पादुका ठेवून देहू-आळंदीहून पंढरीस नेण्याची प्रथा सुरू केली आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून जात. पुढे व्यवस्थेवरून मतभेद झाले. तेव्हा १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे चालवण्यास आरंभ केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची व्यवस्था उचलली. वासकर, खंडुजीबाबा, सुभानजी शेळके ही मंडळी पाठीशी उभी राहिली.

जुन्या लष्करी माणसाने हे काम हाती घेतले आणि त्याची खूण सोहळ्यावर कायमची उमटली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान. मुक्कामाला आपण आजही तळ म्हणतो, हा शब्दच छावणीतला. रथापुढे सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. रथामागच्या दिंड्या आता पुष्कळ वाढल्या, तरी त्यांनाही क्रम आहेच. पताका कोणी, तुळस कोणी, टाळकरी कसे उभे राहायचे, मृदंग कुठे, वीणा कुठे, सर्व ठरलेले. आणि भजन? तेही मनाला येईल ते नाही. मंगलाचरण, काकडा, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, वाराचे अभंग, हरिपाठ, अशी मालिकाच. नव्या वारकऱ्याला सुरुवातीस हे जाचते. आम्हालाही तरुणपणी जाचले होते. मनात विरहिणी दाटलेली आणि मालिकेत दुसरेच प्रकरण! पण वीस दिवस पाय सुजलेले, अंग पावसाने चिंब, पोटात भूक, अशा वेळी काय म्हणावे हे ठरवावे लागत नाही ही किती मोठी सोय आहे, ते दिवे घाट चढताना कळते. आपण गळालो तर मालिका आपल्याला ओढून नेते, आणि आपण टवटवीत असलो तर शेजारच्याला आपण ओढतो.

रात्रीच्या समाजआरतीचेच बघा. तळावर पालखी आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार चोप उंचावतो आणि सारा समुदाय गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकले जाते. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची यादी, उद्या निघण्याची वेळ, आणि आरती. गाऱ्हाणे पोटात घेऊन कोणी झोपायचे नाही, रोजचे रोज मोकळे व्हायचे. ही रीत घरात आणली तर किती भांडणे जन्मालाच येणार नाहीत! आमच्या घरी तरी आम्ही ती आणून पाहिली. रात्रीच्या जेवणाआधी थोरल्या मुलाला विचारतो की आज आमच्याकडून काही लागले का. पहिला आठवडाभर तो नुसता हसला. आठव्या दिवशी बोलला, आणि जे बोलला ते ऐकायला जड गेले.

बाबांनी इ. स. १८३६ मध्ये देह ठेवला. स्वतंत्र सोहळा स्वतः चालवायला त्यांना उणीपुरी चार-पाच वर्षे मिळाली. मात्र त्यांनी लावलेली घडी दोनशे वर्षांच्या घरात आली. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका आषाढ शुद्ध दशमीला एसटीने पंढरीस गेल्या. आमच्या आयुष्यातली ती सर्वांत सुनी आषाढी. २०२० साली प्रस्थानानंतर पादुका आळंदीतच आजोळघरी होत्या आणि चालणे बंद असले तरी रोजचे कीर्तन, जागर, समाजआरती हा क्रम तिथे चालू राहिला. ते ऐकून आम्हाला गुहेची आठवण झाली. वाट बंद आणि हरिपाठ चालू!

त्याच वर्षी आम्ही पुन्हा आरंभ केला. या वेळी शब्दबिब्द काही दिला नाही. दिवेलागणीला अंगणातल्या तुळशीपाशी घोंगडी टाकायची आणि हरिपाठ म्हणायचा, एवढेच. एकटे बसलो की चुकवायला शंभर सबबी सापडतात, म्हणून शेजारच्या दोन वयस्कर गृहस्थांना अंतर राखून आपापल्या अंगणातून साथ करायला सांगितले. कीर्तनाला परगावी गेलो तर यजमानाच्या ओसरीवर त्याच वेळी बसतो. बिदागीचा विषय त्याच्यानंतर काढतो, आधी कधी नाही. राग गेला का? नाही गेला. पण हरिपाठ म्हणून उठल्यावर तो थोडा उशिरा येतो, आणि तेवढ्या वेळात पाकीट न उघडता खिशात घालण्याचे काम होऊन जाते. मध्ये दोनदा खंड पडला, एकदा तर तब्बल नऊ दिवस. पूर्वी असे झाले की आम्ही सारेच सोडून देत होतो. या वेळी दहाव्या दिवशी घोंगडी टाकली.

बाबांची समाधी आळंदीच्या महाद्वारातल्या पहिल्या पायरीशी आहे. ज्याने एवढा सोहळा उभा केला त्याने जागा मागितली ती पायरीची. कार्तिक वद्य अष्टमीला त्या पायरीचे पूजन होते आणि मगच कार्तिकी यात्रेला आरंभ होतो. गेल्या वर्षी पूजेला आम्ही गर्दीत मागे उभे होतो. दर्शनाची रांग लांब, पुढे सरकायला दुपार गेली. पायरीला हात लावून कपाळी लावला, आत माउलींचे दर्शन घेऊन बाहेर आलो, तो दिवेलागण होत आली होती. बरोबरच्या मंडळींना इंद्रायणीकाठी फराळाला बसायचे होते. आम्ही घाटावर एक कोरडी जागा पाहिली, झोळीतून टाळ काढले, आणि ते दोघे शेजारी काही न बोलता येऊन बसले.