वॉल्टर काडेन: सायलेन्सरच्या नळीतून पॉवर काढणारा इंजिनिअर

नवी गाडी घेतली की आपल्यातले बरेच जण सगळ्यात आधी सायलेन्सरला हात घालतात. कोणी इंदोरी बसवतो, कोणी पंजाबी, तर कोणी घरामागे ग्राइंडर लावून आतली जाळीच कापून टाकतो. मग आवाज वाढतो, आणि आवाज वाढला म्हणजे पिकअपही वाढला असं वाटतं. (वाटतं, एवढंच. त्यावर पुढे येतोच.) पण एक्झॉस्टच्या नळीचा आकार बदलून इंजिनाची पॉवर खरोखर वाढवता येते. हे सगळ्यात पुढे नेऊन दाखवलं ते पूर्व जर्मनीच्या वॉल्टर काडेन यांनी. रेसिंगच्या जगात हे नाव आदराने घेतलं जातं, आपल्याकडे मात्र आरएक्स 100 वर जीव टाकणाऱ्यांनाही ते सहसा माहीत नसतं.

काडेन यांचा जन्म 1 सप्टेंबर 1919 चा, जर्मनीतल्या सॅक्सनी भागातला. जवळच चोपाउ नावाच्या गावात डीकेडब्ल्यू या कंपनीचा मोटारसायकलचा कारखाना होता आणि वडील तिथल्या एका बड्या अधिकाऱ्याचे ड्रायव्हर होते. म्हणजे इंजिनाचा वास लहानपणापासूनच नाकात. पुढे केम्नित्स शहरात त्यांनी इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं.

1940 मध्ये ते हेन्शेल या विमान कंपनीत लागले. तिथे रेडिओने दिशा देता येणाऱ्या एचएस 293 या बॉम्बवर काम चाललं होतं. हे हिटलरच्या युद्धयंत्रणेसाठीचं काम होतं. पुढच्या रेसिंगच्या कौतुकात लोक हा भाग गुंडाळून टाकतात, तसं करू नये असं मला वाटतं.

युद्ध संपलं तेव्हा देश मोडलेला होता. काही काळ अमेरिकनांच्या नजरकैदेत काढून काडेन परत आले आणि त्यांनी चक्क लाकडाचा धंदा सुरू केला. बॉम्बने पडलेल्या घरांची छपरं पुन्हा उभी करायला लाकडी सांगाडे लागायचे, ते बनवायचे. आणि या धंद्यासोबत स्वतःच्या खर्चाने एक जुनी डीकेडब्ल्यू आरटी 125 रेससाठी तयार करायची. आसपासच्या स्पर्धांत ते स्वतः ती चालवायचे. आरटी 125 ही साधी 125 सीसी टू-स्ट्रोक गाडी, पण तिची नक्कल जगभर झाली. यामाहाची पहिली मोटारसायकल, 1955 ची वायए-1, हीसुद्धा तिच्याच धर्तीवर बनली.

चोपाउचा कारखाना आता पूर्व जर्मन सरकारच्या ताब्यात होता. काडेन यांची घरची गाडी तिथल्या लोकांच्या नजरेत भरली आणि 1953 मध्ये रेसिंग विभाग त्यांच्याकडे आला. कारखान्याला लवकरच एमझेड हे नाव मिळालं. पैसा मात्र जेमतेम, आणि परदेशी चलनाची तर बोंबच.

आता मुख्य गोष्ट. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वरखाली होणारा पिस्टनच ती उघडतो आणि बंद करतो. गोची अशी की ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतं तेव्हा एक्झॉस्टचं भोकही उघडंच असतं. मग जळलेल्या धुराबरोबर न जळलेलं मिश्रणही बाहेर पळून जातं. पेट्रोल वाया आणि पॉवरही कमी.

उपाय नळीत सापडला. एक्झॉस्ट उघडला की दाबाची एक लाट आवाजाच्या वेगाने नळीत धावते. नळी हळूहळू रुंद होत गेली की त्या लाटेचा काही भाग उलटा फिरतो आणि सिलिंडरला ओढ लावतो. उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो, मागोमाग ताजं मिश्रण आत येतं, थोडं नळीतही उतरतं. मग नळी पुन्हा अरुंद होते. तिथून परत येणारी लाट उलट ढकलणारी असते. भोक बंद व्हायच्या अगदी आधी ती पोहोचली, तर पळालेलं मिश्रण परत सिलिंडरमध्ये कोंबते. मधे फुगलेल्या या नळीला एक्सपान्शन चेंबर म्हणतात. त्यात एकही हलणारा पार्ट नाही, सगळं काम पत्र्याच्या आकाराचं.

सगळा खेळ टायमिंगचा आहे. 10,800 आरपीएमला इंजिन सेकंदाला 180 फेऱ्या मारतं. एक्झॉस्टचं भोक प्रत्येक फेरीत निम्म्याहून थोडा जास्त वेळ उघडं असतं, म्हणजे साधारण 3 मिलिसेकंद. गरम धुरात आवाज मिलिसेकंदाला ढोबळमानाने अर्धा मीटर जातो. म्हणजे लाटेला जाऊन-येऊन दीड मीटर मिळतो, एका बाजूने पाऊण. नळी थोडी लांब-आखूड झाली की लाट उशिरा किंवा लवकर पोहोचते आणि पॉवर दुसऱ्याच आरपीएमला मिळते. म्हणूनच टू-स्ट्रोक गाडी खाली मंद चालते आणि एका आरपीएमला अचानक उसळी घेते.

ही कल्पना मुळात काडेन यांची नव्हती. एरिख वोल्फ या इंजिनिअरने आधीच असा पाईप वापरला होता. इंजिनात हवा वेळेवर सोडणारी फिरती चकती डॅनिएल त्सिमरमान याची. काडेन यांनी काय केलं, तर अंदाजपंचे ठोकाठोकी थांबवली. नळीतल्या लाटा त्यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहिल्या, मोजल्या आणि मोजून पाईप बनवले. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर इतर लोक कोड बदलून नशीब आजमावत होते, यांनी आधी लॉग लावले. 1961 पर्यंत त्यांचं 125 सीसीचं इंजिन 25 हॉर्सपॉवर देऊ लागलं, म्हणजे लिटरमागे 200. असं साध्या हवेवर, सुपरचार्जरशिवाय तोवर कोणालाच जमलं नव्हतं.

आपल्या आरएक्स 100 च्या सायलेन्सरमध्येही हाच चेंबर लपलेला आहे. मागची बारीक नळीसुद्धा हिशोबाचा भाग आहे. ती कापली की आत राहणारा दाब बिघडतो आणि आवाज वाढून पॉवर कमी होऊ शकते. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह असल्यामुळे नळीचा परिणाम खूपच कमी, तिथे नुसती जाळी काढून मुख्यतः डेसिबल मिळतात आणि चौकात पावती. जप्त सायलेन्सरवर पोलीस रोड रोलर फिरवतात ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

तर 1961. एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर 125 सीसीच्या जागतिक स्पर्धेत गुणांमध्ये पुढे होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीत डेग्नरचं इंजिन बंद पडलं आणि तो परत आलाच नाही. त्याच सुमारास त्याची बायको आणि मुलं गाडीच्या डिकीत लपून पश्चिम जर्मनीत पोहोचली होती. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळालं. डेग्नर जपानला हामामात्सु इथे सुझुकीकडे गेला, सोबत काडेन यांचं तंत्र घेऊन. 1962 मध्ये त्याने सुझुकीला 50 सीसीचं जगज्जेतेपद मिळवून दिलं, कंपनीचं पहिलंच. 1964 मध्ये यामाहाही टू-स्ट्रोकवर 250 सीसीत जिंकली.

डेग्नरने चोरी केली की कुटुंबासाठी सुटका, यावर आजही वाद होतात. मला तरी माणूस म्हणून त्याला दोष देणं जड जातं. पण काडेन यांची वर्षानुवर्षांची मेहनत एका शनिवार-रविवारात सीमेपलीकडे गेली, हेही तितकंच खरं.

काडेन मात्र चोपाउमध्येच राहिले. 1963 मध्ये माइक हेलवुडसारख्या इंग्रज रायडरने एमझेडवर पूर्व जर्मनीची 250 सीसी शर्यत जिंकली. डोंगरदऱ्यांतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्या गाड्यांनी 1963 पासून सलग पाच वर्षं ट्रॉफी मारली. ट्रॅकवर मात्र जपान्यांच्या बजेटपुढे टिकाव लागेना. 1976 पर्यंत एमझेडच्या नावावर 13 ग्रां प्री विजय जमा झाले, पण रोड रेसिंगचं जगज्जेतेपद एकही नाही. मार्च 1996 मध्ये काडेन वारले. 500 सीसीच्या सगळ्यात मोठ्या वर्गात तेव्हा टू-स्ट्रोकच जिंकत होत्या, आणि त्या पोटफुग्या नळ्या त्या प्रत्येक गाडीला होत्या.