नुकसान स्वतःच्या नावे : डग्लस बाडर

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवले जाते की, नोंद योग्य खाती झाली पाहिजे. नाहीतर ताळेबंद जुळत नाही. वहीत हे जमते. आयुष्यात मात्र नफा आपल्या खाती जमा करायचा आणि तोटा दुसऱ्याच्या नावे टाकायचा, अशीच आपली रीत असते. मी मराठी माध्यमातून आलो आणि पहिल्याच परीक्षेत हिशेबाच्या विषयात नापास झालो. दोष मी इंग्रजीला दिला, पेपरला दिला, तपासणाऱ्यालाही दिला. माझ्याच बाकावरचा, कन्नड माध्यमातून आलेला मित्र त्याच पेपरात पास झाला होता, हे मात्र सोयीस्करपणे विसरलो. त्या सुट्टीत डग्लस बाडर या ब्रिटिश वैमानिकाचे चरित्र वाचनात आले.

बाडरचा जन्म 1910 सालचा, लंडनमधला. वडील हिंदुस्थानात इंजिनियर होते, त्यामुळे अगदी लहानपणी काही काळ तो इकडेही राहिला. क्रॅनवेलच्या हवाई दलाच्या महाविद्यालयात शिकून 1930 साली तो अधिकारी झाला. खेळात पुढे, विमानाच्या कसरतीत तरबेज आणि स्वभावाने तितकाच हट्टी!

14 डिसेंबर 1931 रोजी तो रेडिंग शहराजवळच्या वुडली विमानतळावर गेला होता. त्याचे विमान ब्रिस्टल बुलडॉग, म्हणजे एका माणसाचे, दुपंखी लढाऊ विमान. कमी उंचीवर कसरती करू नयेत असा नियम होता. तरीही जमिनीलगत सावकाश पूर्ण गिरकी घ्यायची त्याने ठरवले. गिरकी घेताना डाव्या पंखाचे टोक जमिनीला लागले आणि क्षणात विमानाचा चुराडा झाला. रेडिंगच्या रुग्णालयात त्याचा जीव वाचला, पण दोन्ही पाय कापावे लागले. उजवा गुडघ्याच्या वर, डावा गुडघ्याच्या खाली. वय अवघे एकवीस, माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा.

पुढे उड्डाणाच्या नोंदवहीत या अपघाताची नोंद त्याने स्वतः केली. जमिनीजवळ गिरकी घेताना विमान पडले आणि कामगिरी वाईट झाली, एवढाच तिचा आशय. बुलडॉग हे त्याच्या आधीच्या विमानापेक्षा जड होते, हे कारण त्याला देता आले असते. त्याने दिले नाही. मला या माणसाच्या पराक्रमापेक्षा ती छोटी नोंद मोठी वाटते.

धातूच्या पायांवर तो काठीशिवाय चालायला शिकला. 1932 साली अॅव्हरो 504 हे दुपंखी शिकाऊ विमान त्याने व्यवस्थित चालवून दाखवले. तरीही अशा माणसासाठी नियमावलीत तरतूद नाही, म्हणून 1933 साली हवाई दलाने त्याला निवृत्त केले. मग एका तेल कंपनीच्या कचेरीत तो टेबलाशी बसला. त्याच वर्षी त्याचे थेल्माशी लग्न झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि वैमानिकांची गरज पडली. नोव्हेंबर 1939 मध्ये त्याने पुन्हा एकट्याने शिकाऊ दुपंखी विमान उडवले आणि लगेच सहाशे फुटांवर ते उलटे केले! म्हणजे शहाणपण आले असे म्हणता येत नाही. काही महिन्यांनी पंख्याच्या पात्यांचा कोन बदलायला विसरल्यामुळे उड्डाणाच्या वेळीच त्याचे स्पिटफायर आपटले. या वेळीही चूक आपलीच, हे त्याने मान्य केले. त्यानंतर बढती मिळाली आणि 1940 च्या जूनमध्ये खचलेल्या 242 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्याच्याकडे आले. शत्रूची वीसच्या आसपास विमाने त्याच्या नावावर जमा आहेत. ऑगस्ट 1941 मध्ये फ्रान्सवर त्याचे विमान कोसळले. अडकलेला कृत्रिम पाय विमानातच सोडून त्याने हवाई छत्रीने उडी मारली आणि तो कैद झाला. जर्मनांच्या संमतीने ब्रिटिशांनी विमानातून त्याच्यासाठी नवा पाय टाकला. सुटका 1945 साली झाली.

तो उद्धट होता, अनेकांना दुखावून गेला. पण पुढे अपंगांसाठी, विशेषतः पाय गमावलेल्या मुलांसाठी, त्याने वेळ दिला. त्या सेवेबद्दल 1976 साली त्याला सर ही पदवी मिळाली. 1982 साली तो वारला.

मित्रहो, आपल्यापैकी कोणालाही बाडर व्हायचे नाही आणि त्याची गिरकी तर मुळीच घ्यायची नाही. पण त्याची नोंद घेण्यासारखी आहे. सुट्टी संपण्याआधी मी वडिलांना नापास होण्याचे खरे कारण सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते इतकेच म्हणाले की, आता अभ्यासाला बस. बाकावरच्या मित्राकडून मी नोंदी लिहायला पहिल्यापासून शिकलो. पुढच्या परीक्षेत तो विषय सुटला. गुण बेताचेच पडले, पण ते माझ्या खात्यावरचे होते.