सुरत-राजकोटच्या डॉक्टर रखमाबाई

डॉ. रखमाबाई म्हटले की बहुतेकांना त्यांचा खटला आठवतो. आम्हा गुजरातेतल्या मराठी मंडळींना मात्र त्यापुढची त्यांची वर्षे अधिक जवळची वाटायला हवीत, कारण ती आपल्याच सुरत आणि राजकोटमध्ये गेली. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचा हा अल्प परिचय.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत सुतार समाजात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. त्या समाजात पुनर्विवाहाला मुभा होती, म्हणून आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ. 1883 साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या 8 जणांत ते होते. विद्येची गोडी रखमाबाईंना याच घरात लागली.

वयाच्या 11 व्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या माहेरीच राहिल्या. 1884 साली दादाजींनी पत्नीला नांदायला पाठवावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न कळत्या वयात झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, ही रखमाबाईंची भूमिका. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 साली दावा फेटाळला, पण अपिलानंतर पारडे फिरले. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर 6 महिने कैद भोगा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. त्याआधी थोडेच दिवस, 26 फेब्रुवारीला, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या होत्या. अमेरिकेतून पदवी आणूनही रुग्णसेवा करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही.

या वादात समाज दुभंगला. ज्यांच्या प्रेरणेने आपण हा सार्वजनिक उत्सव करतो, ते लोकमान्य टिळकही रखमाबाईंच्या विरोधात होते. थोरांच्या ऋणात राहूनही हे विसरू नये, असे आम्हाला वाटते. अखेर 1888 साली 2000 रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला.

सुटका झाली, पण पुढे काय? मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणाची वाट दाखवली. खर्चासाठी निधी उभा राहिला. त्यात इंदूरच्या शिवाजीराव होळकर महाराजांचे 500 रुपये होते. 1889 साली रखमाबाईंनी स्त्रियांसाठीच्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. 1894 साली शिक्षण पुरे करून त्या परतल्या आणि 1895 मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या.

तो काळ कसा होता, हे आपल्या घरच्या जुन्या माणसांकडून आपण ऐकलेच आहे. बाळंतपण अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाती. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायचाही संकोच. अशा वेळी स्त्री डॉक्टर गावात असणे म्हणजे जिवाला आधार. 1918 साली सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे नाकारून त्या राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथे राहिल्या. सुरत आणि राजकोट मिळून ही सेवा सुमारे 35 वर्षांची. पडद्याची चाल मोडावी म्हणून त्यांनी लेखनही केले.

एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते. 1904 साली दादाजी वारल्याची बातमी आली, तेव्हापासून रखमाबाई विधवेच्या वेषात राहू लागल्या. त्यांनी पुन्हा लग्नही केले नाही. जे लग्न मानले नाही, त्याचे वैधव्य का पाळले? आम्हाला याचे सोपे उत्तर सापडत नाही. कदाचित त्यांचे भांडण त्या माणसाशी नसून सक्तीशी असावे. सक्ती संपल्यावर काय पाळायचे आणि काय नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवले.

25 सप्टेंबर 1955 रोजी मुंबईत, वयाच्या 90 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. खटला 4 वर्षे चालला, सेवा 35 वर्षे. उत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत आपली मुले रखमाबाईंवर बोलतील तेव्हा कोर्टाच्या दारात न थांबता त्यांनी सुरतेच्या त्या रुग्णालयापर्यंत यावे, एवढीच आमची इच्छा.