हिपार्कस

ज्योतिःशास्त्राला प्राचीन ग्रीक लोक ‘आस्त्रोनोमिया’ म्हणत. ‘आस्त्रॉन’ म्हणजे तारा व ‘नोमॉस’ म्हणजे नियम. त्याच शास्त्राला ते ‘आस्त्रोलोगिया’ असेही म्हणत. गणित व फल यांची नावे निराळी झाली ती पुष्कळ काळाने. ज्याच्या परिश्रमाने पहिले नाव सार्थ झाले, त्या हिपार्कसाचे अल्पचरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो.

हिपार्कसाचा जन्म ख्रिस्तपूर्व १९० च्या सुमारास आशिया मायनरमधील निकीया नगरात झाला. त्याच्या कार्याचे मुख्य स्थान मात्र ऱ्होड्स बेट होय. दुर्बीण त्या काळी नव्हती. साध्या यंत्रांनी व उघड्या डोळ्यांनी वेध घेऊन त्याने वर्षाचे जे मान ठरविले, ते आजच्या मानाहून केवळ साडेसहा मिनिटांनी अधिक आहे.

त्याच्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे अलेक्झांड्रिया येथे टिमोकॅरिस याने चित्रा ताऱ्याचे स्थान लिहून ठेविले होते. शरत्संपातापासून तिचे अंतर तेव्हा आठ अंश होते. हिपार्कसास ते सहाच भरले. पूर्वजाची चूक म्हणून हा फरक सोडून देणे सोपे होते. हिपार्कसाने तसे केले नाही. जुन्या टिपणावर विश्वास ठेवून त्याने ताडले की, संपातबिंदूच हळूहळू सरकत आहेत. यासच आपण अयनचलन म्हणतो. ही गती शतकास निदान एक अंश असावी, असे त्याने ठरविले. वास्तविक सुमारे ७२ वर्षांत एक अंश पडतो. एका मनुष्याच्या आयुष्यात हा नियम दृष्टीस पडणे कठीण. दोघांच्या टिपणांनी तो उघड झाला.

पुढील पिढ्यांस असाच पडताळा घेता यावा, म्हणून त्याने ताऱ्यांची स्थाने नोंदून यादी केली. ख्रिस्तपूर्व १२० च्या सुमारास तो निवर्तला. कालांतराने त्याची यादी नष्ट झाली. ग्रंथांपैकी एक टीकाग्रंथ तेवढा उरला. परंतु सीनाय पर्वतावरील संत कॅथरीनच्या मठातील एका जुन्या चर्मपत्रावर, खरवडलेल्या ग्रीक अक्षरांवर पुढे सुरियानी धर्मग्रंथ लिहिलेला होता. विविध रंगांच्या प्रकाशात त्याची छायाचित्रे घेऊन विद्वानांनी खालची अक्षरे वाचली, आणि २०२२ साली त्यांनी त्या यादीतील उत्तर मुकुट तारकासमूहाची स्थाने प्रसिद्ध केली. ती एका अंशाच्या आत बरोबर आहेत!

आपली प्रयोगवही कोण पाहणार, असे ज्यास वाटते त्याने हिपार्कसाचे स्मरण करावे. टिमोकॅरिसाच्या टिपणाचा वाचक दीडशे वर्षांनी आला. हिपार्कसाच्या यादीचे वाचक दोन सहस्र वर्षांनी आले.